ओफेलियाबाईंची साक्ष

"नवरा-बायकोसारखे? छे छे, काहीतरीच काय बोलता बाई!" ओफेलियाबाई दारातच कडाडल्या. "एफ्राइन म्हणजे पोटभाडेकरू हो. मागच्या खोलीत झोपायचा बिचारा. मेरीमातेची शपथ!"

घरमालकाच्या कचेरीतून आलेली तरुणी मान डोलावून जिना उतरू लागली. शेजारच्या दारात एफ्राइन उभा होता. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

ब्राँक्समधल्या आमच्या इमारतीत हे खोटं तीस वर्षं चालत आलेलं. भाड्याचं घर एफ्राइनच्या जोडीदाराच्या, क्लाइडच्या नावावर. दोन पुरुष एका बिछान्यात निजतात हे कळलं असतं, तर जुन्या मालकानं दोघांनाही हाकललं असतं. म्हणून कचेरीचं माणूस जिन्यात दिसलं की ओफेलियाबाई भिंत ठोकायच्या, एफ्राइन मागच्या खोलीत खाट मांडायचा आणि बाई दारात हेच पुराण लावायच्या. शेजारधर्म म्हणजे शेजारधर्म! आम्हीही माना डोलवायचो.

आता क्लाइड गेला. दरम्यान कायदाही बदललेला. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत कुटुंबासारखं राहिलेल्या माणसाला त्याच भाड्यात घर ठेवता येतं, फक्त शेजाऱ्यांनी तसं सांगायला हवं. एफ्राइननं बाईंना हे नीट समजावलं होतं. पण कचेरीचा बिल्ला दिसला आणि जिभेनं जुनीच वाट धरली.

"अगं बाई गं, काय करून बसले मी!" बाई अनवाणीच धावल्या, कठड्यावरून वाकून ओरडल्या, "अहो, थांबा! नवरा-बायकोच होते ते! तीस वर्षं संसार केला! आजारपणात यानंच त्याचं सगळं काढलं! ऐकताय ना?"

"मावशी, तुमचं आधीचं मी लिहून घेतलंय," खालून आवाज आला. मग दार लागलं.

"मार रे मला, एफ्राइन," बाई हुंदके देत म्हणाल्या. "मीच तुझं घर घालवलं."

"असू दे हो. त्याच खोट्यावर तर इतकी वर्षं राहिलो."

घर जाणार हे त्यालाही कळलं होतं, आम्हालाही.

एव्हाना मजल्यामजल्यावरची दारं उघडली होती. क्लाइड गेला तेव्हा 'तुझा मित्र गेला, वाईट झालं' एवढंच आम्ही बोललो होतो. आज तळमजल्यावरचे म्हातारे रूफस कठडा धरत वर आले. टोपी काढून त्यांनी एफ्राइनचा हात हातात घेतला.

"नवरा गेला रे तुझा," ते म्हणाले.

एफ्राइन पायरीवरच बसला आणि आमच्या सगळ्यांसमोर मोठ्यानं रडला.