जेवणाआधीचं गाणं

आमच्या चर्चमधल्या गायनमेळ्यात जेवणाच्या सुट्टीआधीचं शेवटचं गाणं माझ्या सासऱ्यांचं, डॉयलपापांचं. मी या घरात यायच्या कितीतरी आधीपासून. पुढे येऊन पुस्तकातला नंबर सांगायचा, हाताने ताल धरायचा, आणि धृपदात बाकी सगळे थांबले की खर्जातली एकट्याची ओळ अशी काढायची, की बसल्या जागी बाक थरथरावा.

या हिवाळ्यात त्यांना मेंदूचा झटका आला. हातपाय सावरले, शब्द मात्र विस्कटले. मीठ हवं असलं की तोंडातून 'मंगळवार' निघायचं. नातीचं, माझ्या टेसीचं नाव तर एकदाही धड आलं नाही. मग त्यांनी बोलणंच टाकलं. मेळ्यालाही यायचं नव्हतं. सासूबाईंनी, म्हणजे विल्मा जीनने, जवळजवळ ओढूनच आणलं. पायऱ्या चढताना त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "आज हा न गाता घरी गेला ना, तर पुन्हा या चर्चची पायरी चढायचा नाही. मी ओळखते त्याला."

खर्जवाल्यांचा बाक उजवीकडे. पापा तिकडे फिरकलेच नाहीत. टेसीला मांडीवर घेऊन दाराजवळ माझ्याशेजारी बसले, म्हणजे उठायला नको. मेळ्याचे अध्यक्ष हर्शेल यांना त्यांनी खुणा करून बजावलं होतं, माझं नाव पुकारू नका.

सकाळ छान रंगली. दोन जुळ्या बहिणींनी नव्या पुस्तकातलं सगळ्यात अवघड गाणं निवडलं आणि आम्ही सगळे दुसऱ्याच ओळीत घसरलो. हसत हसत पुन्हा पहिल्यापासून गायलो. लॅव्हॉन पियानोवर अशी सुटली होती की तिचा चष्मा घसरून मांडीत पडला, हात थांबले नाहीत. पापांचे ओठ मात्र मिटलेलेच.

बाहेर टेबलांवर जेवण मांडलं जाऊ लागलं, तळलेल्या चिकनचा वास आत आला. हर्शेलनी घड्याळ पाहिलं आणि सवयीने बोलून गेले, "चला, जेवणाआधी डॉयल." बोलले आणि स्वतःच गार पडले.

कुणी मागे वळून पाहिलं नाही. मायेपोटीच पाहिलं नाही. सासूबाई तेवढ्या वळल्या.

"ऊठ, डॉयल. तुझ्यापायी सगळ्यांचं चिकन निवतंय."

पापांनी टेसीला माझ्याकडे दिलं आणि पुढे गेले. नंबर सांगायला तोंड उघडलं, मिटलं. मग पुस्तकाचं पान उघडून लॅव्हॉनसमोर ठेवलं. नंबर तिनेच पुकारला.

पहिलं कडवं आम्ही गायलो; त्यांचा फक्त हात हलत होता. धृपद आलं. सगळे थांबले. लॅव्हॉनने सूर धरून ठेवला. पहिला शब्द पापांच्या ओठांशी आला आणि अडकला.

आणि मग जमिनीखालून यावा तसा आवाज आला: "डो, डो, सोल, ला, सोल..."

सरगम! आमच्या पुस्तकात प्रत्येक सुराला स्वतःचा आकार असतो, त्रिकोण म्हणजे डो, गोल म्हणजे सोल. मुलं अक्षरांआधी हेच शिकतात. झटका तिथवर पोचलाच नव्हता. अख्खी ओळ न चुकता उतरली, आणि बाकही थरथरला.

दुसऱ्या कडव्याला खरं तर आम्ही शब्द म्हणायचे होते. सासूबाईंनी आपल्या बाकावरून सरळ सरगमच धरली. मग बायका, मग पुरुष, मग सगळेच. पुढच्या कडव्यांमध्ये काय लिहिलंय ते मी अजून वाचलेलं नाही.

जेवताना सासूबाई त्यांच्या ताटात केळ्याचं पुडिंग वाढत म्हणाल्या, "शब्द तर तू आधीही खायचास." पापा इतके हसले की घास लागला.

परतताना गाडीत टेसी रडायला लागली. पापांनी तिच्यापुढे बोट केलं, तिने ते मुठीत धरलं, आणि ते हळूच गायले, "सोल-मी." दोन सूर, तिच्या नावाएवढेच. ती गप्प झाली. आता घरात तीच हाक असते, आणि ती मान वळवते.

पुस्तक स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडं आहे. शरदातल्या मेळ्यासाठी पापा गाणं शोधताहेत. त्यांचं बोट ओळींखालून नाही, आकारांवरून फिरतंय.