बहिणीचा शोषखड्डा

सगळे त्याला नापासराव म्हणत. आरोग्य खात्यात तो निरीक्षक होता. कुणीही नवं घर बांधायला काढलं की तिथली जमीन सांडपाणी शोषते का हे बघायचं आणि मगच सेप्टिक टाकीला परवानगी द्यायची, हे त्याचं काम. शोषखड्ड्याच्या जागी एक खड्डा खणायचा, आदल्या संध्याकाळी तो पाण्याने भरायचा, रात्रभर मातीला पोटभर पिऊ द्यायचं आणि सकाळी पुन्हा भरून पाणी किती वेगाने उतरतं ते मोजायचं. कोरडी माती काय, कुणाचंही पाणी घटाघटा पिते. लोक आदल्या दिवशी भरायला टाळाटाळ करतात हे माहीत असल्यामुळे हा गडी संध्याकाळी स्वतः हजर राहून पाणी ओतून घ्यायचा. पाहुणचार नाही, ओळखदेख नाही.

शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाईंचा खड्डा त्याने दोनदा नापास केला होता. बाईंनी त्याचा उद्धार केला, पण शेवटी निमूटपणे बाहेरून माती आणून उंचवट्यावर शोषखड्डा बांधला.

पुढे त्यांच्या शेजारचाच तुकडा नापासरावच्या धाकट्या बहिणीने घेतला. नात्यातलं काम खरं तर त्याने दुसऱ्या निरीक्षकाकडे सोपवायला हवं होतं. पण आपण सख्ख्या बहिणीलाही सोडत नाही, हे दाखवायची त्याला भारी खुमखुमी.

"संध्याकाळी येतो गं पाणी भरायला," तो फोनवर म्हणाला.

"कशाला हेलपाटा घालतोस, दादा? मी भरते ना. लहानपणी तुझ्या अंघोळीची बादली कोण भरायचं?"

तो हसला आणि गेला नाही. सकाळी खड्ड्याच्या काठावर चिखल होता, आतल्या कडा ओल्या दिसत होत्या. पाणी ओतलं तर झरझर उतरलं. शेजारची माती एवढी चिकट आणि हीच कशी इतकी दिलदार, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. पण बहिणीचं घर उभं राहत होतं, तिचा चेहरा फुलला होता. त्याने सही केली.

पावसाळ्यात जमीन ओलीचिंब झाली आणि बहिणीच्या शोषखड्ड्याने हात वर केले. घाण वर आली, उताराने सरकली आणि मास्तरीणबाईंच्या विहिरीत उतरली. त्यांचा नातू तापाने फणफणून दवाखान्यात पडला. तक्रार गेली, आणि ती तपासायला साहेबांनी मुद्दाम यालाच धाडलं.

बाई विहिरीपाशी उभ्या होत्या. त्यांनी आवाजही चढवला नाही.

"माझा दोनदा नापास केलात. मी बोलले तुम्हाला, पण ऐकलं. बहिणीचा मात्र एका झटक्यात पास?"

त्याने पाण्याचा नमुना घेतला आणि विहिरीवर 'पिण्यास अयोग्य' अशी पाटी लावली. लाज अशी वाटत होती की बाईंकडे बघवेना. मग तो शेजारी गेला. बहीण संडासाबाहेर गुडघे टेकून फरशी घासत होती. घरभर दर्प कोंडला होता.

"आलास? बघ तुझी परीक्षा," ती म्हणाली.

"त्या संध्याकाळी पाणी भरलं होतंस ना?"

ती घासतच राहिली.

"चिमे, मी विचारतोय."

"सकाळी दोन तांबे शिंपडले. भरलं असतं तर तू पास केलं असतंस?"

"विश्वास ठेवला मी तुझ्यावर!"

तिने ब्रश बादलीत टाकला आणि पहिल्यांदा वर बघितलं. "म्हणूनच तर. दुसरा कुणी येणार असता तर मी मुकाट्याने भरलं असतं, दादा. तू येणार म्हटल्यावर मला भीतीच वाटली नाही."

इतकी वर्षं परक्यांच्या खड्ड्यांवर पहारा दिला आणि जिथे द्यायला हवा होता तिथे फोन ठेवून तो झोपला होता. अहवालात हेच लिहायचं त्याने ठरवलं, नोकरी गेली तरी.

नवा शोषखड्डा होईपर्यंत संडास वापरण्यास मनाई, अशी नोटीस त्याने तिच्या दारावर लावली. ती चिकटवत असतानाच बहिणीने आतून दार लोटून घेतलं आणि कडी घातली.

"चिमे," त्याने हाक मारली. आत पुन्हा फरशी घासल्याचा आवाज सुरू झाला.