बोनेटखालचा हिरवा खण

आमची सून सुचिता गाडी चालवते. मले ते पहिल्यापासून पटलं नाही, अन् हे मी तिच्या तोंडावर सांगितलं होतं. मागून बोलायची माझी सवय नाही. पण त्या दिवशी इलाज नव्हता. पोरगा बाहेरगावी, अन् नातीले, निशिगंधाले, नांदुऱ्याहून साडेअकराची रेल्वे धरायची; रात्रीच्या रेल्वेचं तिकीट भेटलं नव्हतं. नागपूरच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागली पोरगी. दुसऱ्या दिवशी दहाच्या आत हजर झाली नाही, तं जागा यादीतल्या पुढच्या पोरीले जाणार होती. आमच्या घरातली पहिली नोकरी. आमच्या अर्ध्या देऊळघाट गावाले मी सांगून बसली होती, उरलेल्या अर्ध्याले त्यांनी सांगितलं.

राजूरचा घाट उतरेपर्यंत गाडी लोण्यावानी चालली. खाली म्हशी आडव्या आल्या म्हणून सुचिता थांबली, अन् गाडी उभ्या उभ्या थरथरू लागली, हिव भरल्यावानी. निघालो तं जोरच नाही. कितीही पाय दाबला तरी काटा तिसाच्या वर जाईना. मोपेडवर कडब्याचा भारा घेतलेला एक म्हातारा आम्हाले मागं टाकून गेला, अन् वरतून वळून पाह्यलंही त्यानं.

मले जे बोलायचं ते मी बोलली. क्लच दाबून चालवते, गेर रगडते, यंत्राले माया लागते. सुचिता रोडवर नजर ठेवून गाडी रेटत राह्यली.

मोताळ्यात शकूर मिस्त्रीचं दुकान उघडं दिसलं. त्यानं चहाचा कप ठेवला, बोनेट उचललं, अन् कधीपासून, कुठून, उभी असताना बी हलते का, सगळं विचारलं. सुचितानं एकेक नीट सांगितलं. मंग तिले इंजन चालू ठेवायले लावून तो कान देऊन उभा राह्यला, वैद्य नाडी पाहते तसा. कुठूनतरी फुस्स आवाज येत होता. एका रबरी नळीवर त्यानं बोट दाबलं अन् थरथर थांबली. नळी उंदरानं कुरतडलेली, घाटाच्या धक्क्यानं पुरी चिरली होती. त्यातून फालतू हवा आत जात होती. त्यानं चिरलेलं टोक कापून नळी परत बसवली.

आता गाडी उभी तं शांत, पण रोडवर नेऊन आणली तं जोर तसाच नाही. शकूर म्हणाला, प्लग खोलतो, पेट्रोल पाहतो, घंटाभर लागंन. घड्याळात साडेदहा वाजून गेले होते. निशिगंधा बॅग मांडीवर घेऊन बसली होती, फोन पाहत. रडत नव्हती, तेच मले जास्त लागलं.

अन् शकूरच्या बोटाले चिकटलेला हिरवा धागा मले कवाचा दिसला होता.

दसऱ्याले घरातल्या यंत्रांची पूजा केली, तवा मी नव्या गाडीची ओटीही भरली होती. गहू, खारका, खोबरं, हिरव्या खणात गाठ मारून. डिक्कीत खताच्या थैल्या असतात, तिथं ओटी कोण ठेवते? म्हणून बोनेट उघडं होतं तवाच बॅटरीमागं, इंजनात हवा जाते त्या डब्यापाशी, खोचून देली. कोणाले सांगितलं नाही.

पाना त्याच्या हातात होता.

"शकूर, प्लग राहू दे. हवेचा डबा खोल."

"काऊन, मावशी?"

"मी गाडीची ओटी भरली होती. गव्हाची."

त्यानं डबा खोलला. आत खणाच्या चिंध्या, कापूस, गव्हाचा कोंडा, अन् अर्धी खारीक. उंदरानं संसारच मांडला होता. जाळी गच्च. गाडीले श्वासच नव्हता. शकूरनं सगळं उपसलं, जाळीत हवा मारली, डबा बंद केला. पंधरा मिनिटं.

"मावशी," तो म्हणाला, "पुढच्या खेपी ओटी सुनेची भरा. चालवते तीच."

मी त्याचे पैसे मोजून देले. पहिल्यांदाच, घासाघीस न करता.

सुचितानं गाडी अशी हाणली की मी देवाची नावं घेऊन संपवली. नांदुऱ्याच्या स्टेशनच्या पुलावर निशिगंधा धावली, रेल्वे लागत होती. डब्याच्या दारातून तिनं हात हलवला.

परत निघताना मी बाजारात गाडी थांबवायले लावली अन् एक खण घेतला. सुचितानं विचारलं, आत्याबाई, हा कुठं खोचायचा?

"तुया ओटीत," मी म्हटलं. "अन् क्लच कमी दाबत जाय."