खाच पडलेल्या पट्टीचा सूड

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पट्टी आहे. लांबी अर्धा मीटर, रंग कोऱ्या चहाचा, स्वभाव खुनशी. पट्ट्यांच्या आत्मवृत्तात स्वभाव सांगायची पद्धत नाही, हे मला माहीत आहे. तिथे आम्ही सगळ्या सोशिक असतो, आयुष्यभर झिजतो आणि शेवटी आशीर्वाद देतो. मी झिजले आहे. आशीर्वादाची वाट पाहू नका.

माझा जन्म सिंगापूरच्या सामुद्रधुनीपलीकडे, मलेशियातल्या जोहोरला, एका सुताराच्या पडवीत झाला. चीक देऊन देऊन थकलेले रबराचे एक झाड पाडले, त्याच्या फळीतून मी निघाले. सिंगापूरच्या एका प्राथमिक शाळेत गणित शिकवणाऱ्या ओंग गेक चू बाईंनी मला दुकानात उचलले, एक डोळा मिटून माझ्या कडेवरून पाहिले आणि म्हणाल्या, "सरळ आहे." माझ्याविषयी इतके चांगले पुन्हा कोणी बोलले नाही.

त्या दिवसांत घरोघरी दाराआड वेताची छडी टांगलेली असे, त्यामुळे मुले आधी मलाही बिचकत. पण गेक चू बाईंनी मला कोणावर उगारले नाही. माझे काम रेघा मारण्याचे होते. शाब्दिक उदाहरण दिसले की मुले त्यातल्या आकड्यांवर भुकेल्यासारखी तुटून पडत. दोन आकडे सापडले की बेरीज, जमली नाही तर वजाबाकी, तीही जमली नाही तर शेजाऱ्याची वही. मग बाई म्हणत, "पेन्सिल खाली. आधी सांग, गोष्टीत कोण कोण आहे?"

"आदिल आणि बी, दोन मुलं, चेर." तिकडची मुले शिक्षकांना चेरच म्हणतात.

"मग दोघांना एकेक घर बांधून दे."

मुले मला कागदावर आडवी धरत आणि प्रत्येकासाठी एक लांबट चौकट काढत. ज्याच्याकडे जास्त, त्याची चौकट लांब. जे माहीत नाही, तिथे प्रश्नचिन्ह. दोन चौकटी एकाखाली एक मांडल्या की काय विचारले आहे ते दिसायचे. आकड्यांची पाळी त्यानंतर. किती चेहरे मी असे उजळताना पाहिले! तुम्हाला वाटेल, ही पट्टी मूळची प्रेमळच होती. होते. मग वर्गात बून तिओंग आला.

बून हुशार होता. उदाहरण वाचून संपायच्या आत उत्तर सांगायचा, आणि ते बरोबर असायचे, म्हणून त्याला चौकटींचा कंटाळा. एका दुपारी त्याने कर्कटकाच्या टोकाने माझ्या मधोमध कडेला खोल खाच कोरली. का, तर तिच्यात रबरबँड अडकवून कागदाच्या गोळ्या नेमक्या उडतात. त्या दिवसापासून माझ्या कडेने लांब रेघ मारली की मध्यावर पेन्सिल अडखळते आणि रेघेला टेंगूळ येते. बाईंनी कोणी केले ते विचारले नाही. त्यांना माहीत होते. सहकारी म्हणाले, नवी पट्टी घ्या. बाई म्हणाल्या, "चालतंय." मी मात्र नाव लक्षात ठेवले.

वर्षे गेली. बाई निवृत्त झाल्या. राहत्या इमारतीखाली जी मोकळी जागा असते, तिथल्या दगडी टेबलाशी त्या दुपारी बसू लागल्या. मजल्यामजल्यावरची मुले खाली येत आणि मी पुन्हा चौकटी काढू लागले. तेवढ्यात समोरच्या दुकानांच्या वर रंगीत फलक झळकला. 'मास्टर बून, झटपट गणित.' त्याच्या शिकवणीच्या भिंतीवर शब्दांची यादी होती. 'जास्त' दिसले, बेरीज. 'दिले' दिसले, वजाबाकी. 'उरले' दिसले, वजाबाकी. गोष्ट वाचायची गरज नाही, शब्द हुडका.

"चेर फार चांगल्या हो," तो आयांना सांगायचा, "पण त्यांच्या काड्या काढून होईपर्यंत पेपरची घंटा होते. घड्याळ काय त्यांची विद्यार्थिनी आहे, थांब म्हटलं की थांबायला?"

आया हसल्या आणि मुले घेऊन समोरचा जिना चढल्या. दगडी टेबलाशी बाई आणि मी उरलो.

मित्रांनो, आता माझ्या अपमानाची गोष्ट ऐका. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाद्यपदार्थांच्या गाळ्यांच्या मंडईत, जेवणाच्या वेळी जागा मिळणे किती कठीण, हे तिथे जेवणाऱ्याला सांगावे लागत नाही. आधी टेबलावर काहीतरी ठेवून जागा धरायची, मग रांगेत जायचे. लोक टिश्यूचे पाकीट ठेवतात. त्या पाकिटाला कोणी हात लावत नाही. लोक बापाचे ऐकत नाहीत, पाकिटाचे ऐकतात. बाई टिश्यूऐवजी मला ठेवू लागल्या. चौकटी काढणारी मी, आता खुर्ची राखत होते. तेही मी मुकाट्याने केले असते. पण एका रविवारी बून आपला गोतावळा घेऊन आला, त्याने मला दोन बोटांनी उचलले आणि उष्ट्या वाट्यांच्या मांडणीवर, माशांच्या काट्यांत नेऊन टाकले.

बाई फिशबॉल नूडल्सचा वाडगा घेऊन आल्या, तेव्हा तो त्यांच्या जागी बसलेला.

"अरेच्चा, चेर! तुमची होती होय ही काठी? टिश्यू ठेवायची ना. मला वाटलं कोणीतरी कचरा विसरलं."

पण उठला नाही. बाईंनी मला उचलून पदपथावरच्या नळाखाली धुतले आणि उभ्यानेच नूडल्स खाल्ल्या. मी शपथ घेतली.

आणि पाहा, सावज आपल्या पायांनी चालत आले. बूनची मुलगी शीनिंग पाचवीत होती. तिला बापाची सगळी यादी पाठ होती आणि एकही लांब उदाहरण सुटत नव्हते. वर्षअखेरीच्या परीक्षेत असेच झाले, तर सहावीत तिला सोप्या गणिताच्या गटात बसवणार होते. मास्टर बूनची मुलगी, सोप्या गटात! एका दुपारी ती दगडी टेबलाशी येऊन उभी राहिली.

"चेर, पपांना सांगू नका हं."

"काय सांगू नको?"

"मी मठ्ठ आहे ते."

"ते मलाच पटलेलं नाही, त्याला काय सांगू? बस. गोष्टीत कोण कोण आहे?"

तिने मला हातात घेतले. माझा आनंद काय वर्णावा! बापाने दिलेली खाच मी लेकीला व्याजासकट परत करणार होते. पहिल्याच रेघेला असे टेंगूळ दिले की तिने कागद उलटा करून पाहिला. दुसऱ्या रेघेला तेच. रोज तेच. ती रडेल, मला आपटेल, पळून जाईल, अशी मी वाट पाहत राहिले.

एक दिवस बाईंनी विचारले, "पट्टी बदलून देऊ का ग?"

"नको चेर. ती मधे अडते ना, तेव्हा मी पण थांबते. थांबले की लक्षात येतं, आपण कोणाचं घर काढतोय."

मित्रांनो, सूड घ्यायला निघालेल्या कोणावरही असा प्रसंग येऊ नये. त्या दिवशी मी रात्रभर बाईंच्या पिशवीत धुमसत होते. मुलगी सुधारत चालली होती आणि कारण मी होते.

पुढच्या रविवारी बाईंनी मला पुन्हा टेबलावर ठेवले आणि त्या रांगेत गेल्या. बून आला. बरोबर शीनिंग, आणि मुलाला कोणत्या शिकवणीला घालावे याचा विचार करणाऱ्या रोहायाबाई.

"पपा, हे टेबल धरलंय."

"कोणी? या काठीने?" त्याने खुर्ची ओढली. "बसा हो, रोहायाबाई. काठीला भूक लागत नाही."

शीनिंगने मात्र मला उचलून छातीशी धरले. रोहायाबाईंनी नासी लेमाक या नारळाच्या दुधातल्या भाताची पुडी सोडता सोडता फोनवर मुलाचे उदाहरण काढले. "हे बघा मास्टर, यावरून काल घरात रडारड झाली. आदिलकडे बीपेक्षा काही कार्डं जास्त होती. त्याने बीला दहा दिली. तरी त्याच्याकडे बीपेक्षा सहा जास्तच. तर सुरुवातीला किती जास्त होती?"

"हे? हे तर घास गिळायच्या आत." बूनने घास गिळलासुद्धा नाही. "दिलेली दहा परत घ्या, जास्तीची सहा मिळवा. सोळा. बघितलंत? झटपट."

"सव्वीस, पपा," शीनिंग म्हणाली.

"जेव गुपचूप."

"सव्वीसच." तिने पुडीचा तपकिरी कागद पुढे ओढला, त्यावर मला आडवी ठेवली आणि दोन चौकटी काढल्या. रेघेला मध्यावर टेंगूळ आले, तिथे ती थांबली. मग म्हणाली, "आदिलची दहा कमी झाली आणि तीच दहा बीची वाढली. एक घर लहान झालं, दुसरं मोठं झालं. म्हणजे फरक विसाने कमी झाला. तरी सहा उरलाय. वीस आणि सहा."

रोहायाबाईंनी कागद पाहिला, फोनवरचे उत्तर पाहिले, मग बूनकडे पाहिले. कोणीही इतक्या सावकाश पाहू नये.

"सव्वीसच आहे हो," त्या म्हणाल्या. "हे कुठे शिकलीस ग? आणि रेघेत हा उंचवटा कसला?"

"चेरकडे. पट्टीला खाच आहे. एका हुशार मुलाने कोरली, शाळेत असताना, असं चेर म्हणतात."

"हुशार? मग आता काय करतो तो?"

"शिकवतो," मागून आवाज आला. नूडल्सचा वाडगा घेऊन गेक चू बाई उभ्या होत्या.

मित्रांनो, त्या क्षणासाठी मी पुन्हा झाड व्हायला, पुन्हा तोडले जायला तयार आहे. बूनने कागदावरचे टेंगूळ पाहिले, माझी खाच पाहिली, आणि त्याचा अंगठा आपोआप तिच्यावर जाऊन बसला. अजून नेमका बसतो. मग तो उठला. खुर्ची पुसली. मला दोन्ही हातांवर घेऊन बाईंसमोर धरले, जसे मोठ्यांना काही देताना धरतात.

"बसा, चेर."

"आणि ही?" बाईंनी शीनिंगकडे मान केली.

"ती... येईल रोज. चोरून नाही, समोरून येईल."

शीनिंग परीक्षेत पास झाली आणि तिच्याच गटात राहिली. बूनने भिंतीवरची यादी काढली आणि फलक बदलला. 'चौकटींची पद्धत, आता आमच्याकडेही.' त्याने मुलांसाठी प्लास्टिकच्या नव्या पट्ट्याही आणल्या, पारदर्शक, गुळगुळीत. त्यांच्यावर खाच नाही. मुले मध्ये थांबणार कुठे, हा त्याने सोडवायचा प्रश्न आहे. मी मदत करणार नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या पट्ट्या जपा. त्यांच्यावर काही कोरू नका. आणि उदाहरण वाचताना आकड्यांच्या आधी माणसे बघा. टेबलावर ठेवलेली वस्तू उचलताना तर जरूर बघा, ती कोणाची आहे. आमच्यातल्या काही जणी क्षमा करतात, असे ऐकले आहे.

मी अजून रविवारी टेबल धरते. बून लांबून मला ओळखतो, ताट घेऊन वळतो आणि खांबाशी उभ्यानेच जेवतो. बाई त्याला हाक मारतात. मी मुद्दाम थोडी आडवी होते, म्हणजे जागा आणखी कमी दिसते.