कुलपातली खंजिरी

मित्रांनो, अमरावतीला राजापेठेतल्या एका फ्लॅटमध्ये, काचेच्या कपाटात मी बरीच वर्षे काढली. मी खंजिरी. काचेतून सगळे दिसायचे, पण कुणाचा हात लागायचा नाही.

माझा जन्म अकोटजवळच्या एका फुलमळ्यात झाला. नत्थुजींनी सागाचे कडे कोरले, त्यात पितळी चकत्या बसवल्या, वर बकऱ्याचे कातडे ताणले आणि बायकोच्या, गोदाबाईंच्या हाती मला दिले. गोदाबाई सकाळी झेंडू विकत आणि संध्याकाळी भजनात मला वाजवत. त्यांचा एक नेम होता. गावात ज्या घरी मरण होई, त्या घरी त्या मला घेऊन जात. आधी कातडे ताठ व्हावे म्हणून चुलीजवळ मला शेकत, मग हळूच ठेका धरत. नत्थुजी गेले, तेव्हा मात्र त्यांच्याने मला उचलवेना. त्या दिवशी मैत्रीण पार्वताबाई आल्या आणि त्यांनीच मला वाजवले.

पुढे मुलगा जीवन आईला शहरात घेऊन आला. बापाच्या हातची वस्तू म्हणून त्याने मला कुलपात जपले. दर दिवाळीला तो माझ्या कातड्याला चकाकीसाठी वॉर्निश लावी. पाहुणे वाहवा करत. मी आत गुदमरत असे. गुडघे दुखत म्हणून गोदाबाईही तिसऱ्या मजल्यावर अडकलेल्या. येता-जाता त्या काचेवर बोटे टेकवत, इतकेच.

एके दिवशी फोन आला. पार्वताबाईंचा तरुण मुलगा किशोर गेला होता. पार्वताबाई रडतही नव्हत्या, बोलतही नव्हत्या.

"जीवन, किल्ली दे. मले अकोटले जायचं हाय."

"आई, तुले जिना तरी उतरता येते का? फोनवर बोलून घे ना."

"माह्या दुःखात ते फोनवर आली होती का रे?"

जीवनने किल्ली मुठीत धरली. "पण खंजिरी काहून नेतं? फुटली तं?"

"फुटली तं फुटली! खंजिरी हाय ते, बरणीतलं लोणचं नाही."

शेवटी जीवननेच कपाट उघडून मला आईच्या हाती दिले, तिला धरून एकेक पायरी उतरवले आणि तिच्यासोबत तोही एसटीत बसला.

अकोटला पार्वताबाई आपल्या घरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. गोदाबाईंनी मला चुलीजवळ शेकले, थाप मारली. धप्प! वॉर्निशने माझा आवाज मारून टाकला होता. लाजेने मी मेल्यासारखी झाले. गोदाबाईंनी जोराने दुसरी थाप मारली आणि कातडे टर्रकन फाटले. दारात उभ्या जीवनने डोळे मिटून घेतले.

गोदाबाई थांबल्या नाहीत. नुसते कडेच तळहातावर आपटू लागल्या. चकत्या छुमछुमल्या. त्यांनी भजन उचलले. बराच वेळ गेला. मग भिंतीकडून आवाज आला,

"ठेका चुकला तुहा, गोदे."

"मंग तू धर ना व!"

पार्वताबाईंनी मला हातात घेतले, छातीशी धरले आणि त्यांना रडू फुटले.

मित्रांनो, मला नवे कातडे मिळेल की नाही, माहीत नाही. सध्या मी पार्वताबाईंच्या खुंटीवर आहे. रोज संध्याकाळी त्या मला खाली काढतात. तुमच्या घरी देवाधर्माची एखादी वस्तू कुलपात असेल, तर तिला जरूर जपा. पण शेजारी कुणी रडत असेल, तर तिला घेऊन त्याच्या दारी जा. वापरताना ती फुटली, तरी तिला वाईट वाटणार नाही.