देवीच्या तळाचा आकडा

ओट्यावर, ओट्याखाली, पार उकिरड्याच्या कडेपर्यंत माणसं बसली होती आणि जवळजवळ सगळ्यांचे डोळे पिवळे होते. एक्याण्णवच्या भाद्रपदात दोंडाईच्याजवळच्या त्या गावात कावीळ घरोघर फिरत होती. पिण्याच्या पाण्याचा नळ फुटून गटारात लोळत होता, तो कोणाला दिसला नाही. हळदीबाबा मात्र सगळ्यांना दिसला.

बाबाची रीत सोपी होती. रोग्याला बोटभर उंचीची पांढरीशुभ्र प्लास्टिकची देवी द्यायची. ती सात दिवस उशाखाली. सातव्या दिवशी बाबा तिला फडक्यात गुंडाळी, रोग्याच्या तोंडावरून फिरवी, फडकं उघडी आणि देवी पिवळी निघे. रोग्याची कावीळ देवी प्यायली. मग बाबा पानाची पिंक टाकी, त्याच फडक्याने ओठ पुशी आणि तेच फडकं पुढच्या रोग्याच्या तोंडावर धरी.

बेबाबाई सकाळच्या गाडीने जळगावहून आली होती, बहिणीच्या सासरी. धाकटी बहीण पुष्पा सात महिन्यांची गरोदर, पोटात पाणी ठरत नव्हतं. डॉक्टरांनी "आजच धुळ्याला न्या" म्हणून सांगितलं, त्याला सहा दिवस झाले होते.

"इतला दिन काढात, आते घडीभर थांब," पुष्पाची सासू झुंबरबाई म्हणाली. "आज सातवा दिन शे. देवी बठ्ठं, सगळं पी लेई."

बेबाबाईने वाद घातला नाही. धुळ्याला नेण्यासाठी जीपवाल्याला दारात उभं केलं आणि पुष्पाच्या उशाखालची देवी उलटी करून पाहिली. जळगावच्या एका कारखान्यात आठ वर्षं ती असल्याच देव्यांच्या कडा कापत होती. साच्यात चार देव्यांची चार घरं असतात आणि प्रत्येक घराचा आकडा देवीच्या तळाला उठतो. पुष्पाच्या देवीखाली तीन होता. कपाळावर झुंबरबाईने लावलेलं कुंकू होतं.

पुष्पाला त्याच जीपमधून बाबाच्या ओट्यावर आणलं आणि बाबाने देवी घेतली. "ही शक्ती विज्ञानाच्या पलीकडची आहे, माई. अणूअणूतलं पित्त ओढून घेते." फडकं फिरलं, उघडलं. पिवळी देवी. लोकांनी हात जोडले.

"कुंकू कोठे गयं?" बेबाबाईने विचारलं.

"देवीने तेही प्राशन केलं."

बेबाबाईने देवी उचलून उलटी केली. "आनी आकडा? मघाशी तीन व्हता, आते एक शे."

बाबाने मांडीखालचा डबा आणखी आत सारला. "त्रिगुणांचा एक झाला, बाई. यालाच अद्वैत म्हणतात."

"मग मांडीखालना डबा उघडा. तठे अद्वैत किती शेतस, ते तरी देखू."

डबा बाबाने उघडला नाही, जीपवाल्याने उघडला. एका कप्प्यात पिवळ्या देव्या, दुसऱ्यात रोग्यांकडून परत आलेल्या पांढऱ्या. सगळ्यांत वर तीन आकड्याची. झुंबरबाईने ती हातात घेतली. कपाळावरचं कुंकू तिच्याच बोटाचं होतं.

"ह्या पिवळ्या मना वळखीन्या शेतस," बेबाबाई म्हणाली. "दुकानदारनी काचमांगे उनमां मांड्यात, पिवळ्या पडन्यात, पोतं भरीसन परत धाड्यात. मालकनी भंगारमां इक्यात. तळ देखा, पांढराच शे. जठे ऊन लागनं नही, तठे रंग बदलना नही. का कावीळ तळपायले जास नही?"

मागून कोणीतरी म्हणालं, "पन आमले फरक पडना व्हता." बाबा तेवढ्यात फडकं सावरत उठला आणि चालता झाला. ते फडकं तो विसरला नाही.

धुळ्याला पोहोचेपर्यंत पुष्पा बरळू लागली होती. ती वाचली. पोटातलं बाळ वाचलं नाही.

"डोळे पिवळे कधीपासून?" सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता विचारलं.

"आठ दिन व्हई ग्यात," झुंबरबाई म्हणाली.

"मग इतके दिवस काय केलंत?"

झुंबरबाईने पदराची गाठ सोडली आणि तीन आकड्याची देवी टेबलावर ठेवली. आठवडाभर अंधाऱ्या उशाखाली राहिलेली ती देवी पांढरीशुभ्र होती. कावीळ तिला शिवलीही नव्हती.

स्वस्त पांढरं प्लास्टिक उन्हात पिवळं पडतं. त्याला ना भक्ती लागते, ना बाबा. माणूस पिवळा पडला तर त्याचं रक्त तपासा, पाणी उकळून प्या आणि तो फुटलेला नळ आधी गटारातून वर काढा. त्या गावात तो अजून तिथेच आहे.