काजळी धरलेल्या काचेचं म्हणणं

जिथे चार बोटांच्या अंतरावर सतत स्फोट होतात, तिथे बसणारी मी भिंगाची काच बोलतेय. जरा मोठ्यानेच बोलते, सवय लागलीय.

मला घासून गोल केलं तेव्हा वाटलं होतं, एखाद्याच्या चष्म्यात जाईन, निवांत पुस्तकं वाचीन. नशिबी आली प्रयोगशाळा. इथे लेझरचा किरण वस्तूवर असा आदळतो की तिचे कण फाटून पेटतात. आग डाळीएवढी, पण तिच्यापुढे भट्टी गार. त्या आगीचा उजेड गोळा करून मागच्या कॅमेऱ्याकडे धाडायचा, हे माझं काम. पडद्यावर कुठल्या रंगाची रेघ उमटली त्यावरून वस्तूत काय दडलंय ते कळतं.

माझी मालकीण तरुण संशोधक, घरी दीड वर्षाची लेक. उजेड पुरेना म्हणून ती मला रोज थोडं पुढे सरकवायची. पुढे म्हणजे माराच्या तोंडी. ठिणग्या, वितळलेले थेंब, काजळी, सगळं थोबाडीत. मी मुकाट सोसायची. वाटायचं, आपणच कमी पडतोय.

एके दुपारी तिने पर्समधून एक लाकडी बदक काढलं, पिवळंधमक. घरी अशी आणखी पाच होती आणि लेकीला दात येत होते.

"रंगात शिसं नसू दे," ती पुटपुटली आणि बटण दाबलं.

थाड! थाड! थाड! चोच उडाली, पोट फुटलं, पिवळा धूर माझ्या अंगावर आला. दोनशे मार झाले. शिशाची जांभळी रेघ काही उमटली नाही.

"हुश्श! काका, नाहीये शिसं. मीच मेली घाबरट."

काका म्हणजे इथली यंत्रं सांभाळणारे जुने तंत्रज्ञ. "घाबरट तर आहेसच. भिंग कधी पुसलंस?"

"पुसलं की किरणाशी केलेली जुळणी हलते हो. महिनाभर हात लावला नाही."

मी आतल्या आत किंचाळत होते. तोंडावर महिन्याची काजळी. जांभळा उजेड माझ्या अलीकडेच अडून गुदमरत होता.

"बदक राहू दे. हा शिशाचा तुकडा उडव बघू," काका म्हणाले.

थाड! निव्वळ शिसं पेटलं. पडदा कोराच.

"जुळणी गेली खड्ड्यात!" तिने मला उपसलं, खसाखसा पुसलं. काकांनी अंदाजानेच परत आवळलं. मी तिरकी बसले, तरी बसले. उरलेल्या बदकावर पुन्हा मार. थाड! जांभळी रेघ सुरीसारखी वर आली. पुढच्याच माराला एक तापलेली ठिणगी माझ्यात घुसली.

ती फोनवर ओरडत होती, "आई, तिच्या हातातली बदकं काढून घ्या! सगळी! रडू दे, हिसकावून घ्या! आधी तोंड धुवा तिचं. मी निघाले, डॉक्टरकडे जायचंय."

फोनमधून लेकीचा आकांत माझ्यापर्यंत आला.

रक्तात शिसं निघालंच. आता हळूहळू उतरतंय म्हणे. माझ्या जागी नवी काच आहे, तिच्यापुढे बदलता येणारी पातळ ढाल आहे, आणि सकाळचा पहिला मार शिशाच्या तुकड्यावर असतो. मी तडकलेली, खणात पडून आहे. मालकीणबाई कधी खण उघडते, मला उचलते, परत ठेवून देते.

बाई, त्या दुपारी 'नाही' म्हणाली ती काजळी होती गं. मी नव्हते.